आठव्या जोडीतले खांबेटे

मराठी माणसाला नकार द्यायचा असला की तो नकार देत नाही. "घरी विचारून सांगतो" म्हणतो. समोरचाही मराठी असला तर त्याला उत्तर पोचतं. तो दोन मिनिटं हवापाण्यावर बोलतो आणि दुसऱ्या माणसाकडे जातो. या व्यवस्थेत कुणाचा अपमान होत नाही आणि घरी विचारण्याची वेळही येत नाही. देवदत्त खांबेटे यांनी ती आधी ठाण्यात आणि नंतर शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये जन्मभर विनातक्रार वापरली होती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, ड्राइव्हवेवरचा बर्फ ढकलताना, त्यांनी ती एका लिथुएनियन बाईंवर वापरली. तिथून सगळं बिघडलं.

बाई म्हणजे शेजारच्या बिरुते. जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलेल्या, शिकागोत वाढलेल्या, शाळेच्या लायब्ररीतून रिटायर झालेल्या आणि नवरा गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या. महाराष्ट्र मंडळातल्या काही जणांना ते आडनाव वाटे आणि "बिरुटे म्हणजे नगरकडच्या का हो?" अशी चौकशी होत असे. त्या दिवशी बिरुतेंनी आपलं फावडं बर्फात रोवलं आणि अडचण सांगितली.

लिथुएनियन लोकांचा लोकनृत्य महोत्सव दर चार वर्षांनी भरतो. अमेरिका, कॅनडा आणि कुठून कुठून गट येतात. प्रत्येक जण आपापल्या गावी तेच ठरलेले नाच शिकतो आणि मग जुलैत सगळे मिळून एकाच मैदानावर नाचतात. बिरुतेंचा गट ज्येष्ठांचा. गटात आठ जोड्या लागतात. आठव्या जोडीतले अल्गिस नाताळात मुलीकडे फ्लोरिडाला राहायला गेले होते. समाजातले बाकीचे पुरुष, म्हणजे ज्यांचे गुडघे चालू आहेत असे, आधीच दुसऱ्या गटांत अडकलेले. सात जोड्यांचा गट समिती घेत नाही.

"पुढचा महोत्सव चार वर्षांनी आहे, देव," बिरुते म्हणाल्या. "तेव्हा हे पाय माझं ऐकतील की नाही, मला माहीत नाही. मला या वेळी नाचायचं आहे. तुम्ही याल?"

"घरी विचारून सांगतो," देवदत्तराव म्हणाले.

"उत्तम," बिरुते म्हणाल्या. त्या खांबेट्यांच्या गॅरेजमधून सरळ घरात गेल्या, पायातले बर्फाचे बूट काढले आणि शुभाताईंना विचारलं.

शुभाताई थालीपीठ थापत होत्या. त्यांनी हात न थांबवता सांगितलं, "जरूर न्या. परत आणायची घाई नाही."

शुभाताईंच्या या उत्तरामागे बराच इतिहास होता. देवदत्तराव मंडळाच्या संस्कृती जतन उपसमितीचे अध्यक्ष होते. पुढच्या पिढीपर्यंत काय पोचवायचं, कसं पोचवायचं आणि कुणी पोचवायचं यावर उपसमितीची वर्षभर चर्चा चालू होती आणि ती बहुतेक खांबेट्यांच्याच डायनिंग टेबलावर चाले. चहा शुभाताई करत. आतापर्यंत एकमताने मंजूर झालेला एकमेव ठराव पुढल्या बैठकीच्या तारखेचा होता.

"अहो, सारखं संस्कृतीवर बोलत असता. आता पायांनी करा जरा," त्या रात्री जेवताना शुभाताई म्हणाल्या.

"ती आपली संस्कृती नाही."

"आपल्या संस्कृतीसाठी तरी कधी उठला होतात खुर्चीवरून?"

देवदत्तरावांनी ताक मागितलं आणि विषय संपवला. म्हणजे त्यांना तसं वाटलं.

पहिली अडचण मेडिकल सर्टिफिकेटची. साठीपुढच्या प्रत्येक नर्तकाला ते लागत होतं. देवदत्तराव डॉक्टर विष्णू पांढरीपांडे यांच्याकडे गेले. डॉक्टर नागपूरचे, देवदत्तरावांचे जुने मित्र, अर्धे रिटायर झालेले. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"देवा, मंडळाच्या लेझीमच्या वेळी तुझा गुडघा दुखत होता ना बे?"

"दुखत होता."

"आपल्या अध्यक्षाला, प्रसन्नला तू म्हणाला, डॉक्टरनी उड्या मारायला मनाई केली. डॉक्टर म्हणजे मी. मी कधी केली?"

"सही कर, विष्णू."

"करतो ना. फक्त लिहू काय ते सांग. लिथुएनियन नाचासाठी फिट आणि महाराष्ट्रीयन नाचासाठी अनफिट?"

सही मिळाली, पण तिच्यासोबत अर्ध्या तासाचं व्याख्यानही मिळालं. लिथुएनियन भाषा संस्कृतच्या फार जवळची आहे, त्यांचे आणि आपले पूर्वज एकाच चुलीवर जेवत असणार, तेव्हा हा परधर्म वगैरे काही नाही, असं डॉक्टरांचं मत पडलं. मंडळात हे मत त्याच आठवड्यात पसरलं. पसरता पसरता त्याचा आकार वाढला. देवदत्तरावांना रस्त्यात भेटणारा माणूस आता त्यांचं अभिनंदन करून आपण मूळ कुठून आलो ते समजावून सांगू लागला.

रिहर्सल दर गुरुवारी, तीसेक मैलांवरच्या एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. गाडी देवदत्तरावांची, ड्राइव्हिंग देवदत्तरावांचं, आणि कुठली लेन धरावी याबद्दलची मतं बिरुतेंची.

पहिल्या गुरुवारी देवदत्तरावांनी हॉलच्या दाराशी बूट काढले. जिथं काही शिकायचं तिथं बूट घालून जायचं नाही, हे त्यांच्यात इतकं मुरलेलं होतं की दाराशी दुसऱ्या कुणाचे बूट नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. लाकडी फरशीला नुकतंच पॉलिश झालं होतं. पहिल्याच गिरकीत ते मोज्यांवरून घसरत पियानोपर्यंत गेले. पियानोपर्यंत जाणं त्या नाचात नव्हतं.

"देव, आपण शूज घालूया का?" ऑड्रा म्हणाली.

ऑड्रा गटाची शिक्षिका. वयानं त्यांच्या मुलीएवढी आणि पेशानं दातांची डॉक्टर. समोरच्याला त्रास होणारच हे गृहीत धरून ती अत्यंत शांतपणे काम करत असे.

सगळ्या सूचना लिथुएनियनमध्ये. डावीकडे म्हणजे 'कैरे', उजवीकडे म्हणजे 'देशिने'. देवदत्तरावांनी युक्ती काढली: कैरी डाव्या हातात धरायची. युक्ती चांगली होती, फक्त वेळखाऊ होती. ऑड्रा ओरडली की त्यांना आधी कैरी दिसे, मग लोणचं आठवे, मग डावा हात सापडे. तोवर बाकीचे पंधरा जण पुढच्या आकृतीत गेलेले असत आणि केस्तास नावाचे एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर त्यांच्यावर येऊन आदळलेले असत. केस्तास दर वेळी माफी मागत. चूक आपली असताना माफी दुसऱ्यानं मागणं किती अपमानास्पद असतं, हे देवदत्तरावांना त्या तळघरात कळलं.

खरी परीक्षा पोल्का या जोडीनं गिरक्या घ्यायच्या नाचाची होती. पोल्कात बाईच्या कमरेवर हात ठेवावा लागतो. एवढ्या वर्षांच्या संसारात देवदत्तरावांनी स्वतःच्या बायकोला चारचौघांत असं धरलं नव्हतं. ते आपला तळवा बिरुतेंच्या पाठीमागे, हवेत, अदबीनं धरून फिरत. पकड नसल्यामुळे तिसऱ्या गिरकीला बिरुते एकीकडे जात आणि ते दुसरीकडे.

"देव, मी काही तापलेली शेगडी नाही. धरा."

"मी धरलंय."

"तुम्ही विचार धरलाय."

मे महिन्यात पोशाखाचं प्रकरण उभं राहिलं. प्रत्येक नर्तकाचा पोशाख लिथुएनियाच्या कुठल्यातरी एका प्रांताचा असावा लागतो. टोपी एका प्रांताची आणि कमरपट्टा दुसऱ्याचा, हे चालत नाही. त्यासाठी समितीच्या वेबसाइटवर आपला प्रांत निवडायचा होता. यादीत पाच प्रांत होते. कोकण नव्हतं. प्रांत निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. देवदत्तरावांनी समितीला फोन केला. फोनवरच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात विचारलं, "तुमचं घराणं मूळ कुठलं?"

"संगमेश्वरचं."

थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज आला. "हे कुठल्या प्रांतात येतं?"

शेवटी निर्णय बिरुतेंनी घेतला. त्यांनी देवदत्तरावांना जेमाइतियात टाकलं. "समुद्राकडचा भाग आहे. तिथली माणसं हट्टी असतात आणि फार बोलत नाहीत."

"दोन गोष्टी जुळतात," शुभाताई म्हणाल्या. तिसरीचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

पोशाख आला तो अल्गिस यांचा. अल्गिस सहा फूट दोन इंच होते. शुभाताईंनी दोन्हीकडून दुमड घालून तो आखूड केला. टोपीला दुमड घालता येईना, तेव्हा आतून वर्तमानपत्र घातलं. बोटातली पुष्कराजाची अंगठी चालणार नव्हती, कारण जुन्या काळच्या शेतकऱ्याकडे पुष्कराज नसतो. ती सासूबाईंनी दिलेली असल्यामुळे किंवा बोट सुजल्यामुळे निघेना. साबण झाला, खोबरेल झालं, शेवटी साजूक तुपानं निघाली. नंतर दोन दिवस देवदत्तरावांच्या हाताला बेसनाच्या लाडवाचा वास येत होता.

याच सुमारास कुणीतरी रिहर्सलचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तो कुणी टाकला हे शेवटपर्यंत कळलं नाही. शुभाताईंनी तर तो विषयच काढू नका म्हणून सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मंडळाचा अध्यक्ष प्रसन्न घरी आला. चाळिशीतला, सॉफ्टवेअरमधला, माणसांना दुखवायचं नाही या धोरणानं सगळ्यांना थोडंथोडं दुखवणारा. येताना त्यानं बाकरवडीचा पुडा आणला होता, त्यावरून काम अवघड आहे हे देवदत्तरावांनी ओळखलं.

"काका, पर्सनली मला काही प्रॉब्लेम नाही. यू आर लुकिंग व्हेरी ग्रेसफुल. पण लोकांचे क्वेश्चन्स आहेत."

"कसले?"

"म्हणजे, लेझीमला तेरा लोक आले. तुम्ही नी-पेन म्हणून कॅन्सल केलं. आणि व्हिडिओत तुम्ही जंप करताय. व्हाइस प्रेसिडेंट म्हणतात, संस्कृती जतनाचे अध्यक्षच दुसऱ्याची संस्कृती जतन करतायत, तर ऑप्टिक्स बरोबर नाही दिसत यार... सॉरी, काका."

"मी शेजारधर्म करतोय."

"तेच मी म्हटलं. पण मग कुणीतरी म्हणालं, काकांना एक रिपोर्ट द्यायला सांगू. त्यांची मुलं कशी येतात? आपली का येत नाहीत? फाइव्ह-सिक्स स्लाइड्स."

देवदत्तरावांच्या मनात बोलण्यासारखं बरंच होतं. लिथुएनियन मुलं येतात कारण त्यांची आजी त्यांना विचारत नाही, गाडीत घालते. तिथं कुणी संस्कृतीवर बोलत नाही. सगळे धापा टाकत असतात, बोलायला श्वास उरत नाही. पण हे स्लाइडवर कसं लिहायचं ते त्यांना सुचलं नाही. त्यांनी बाकरवडी खाल्ली आणि बघू म्हणाले. प्रसन्न मराठी असल्यामुळे त्याला ते समजलं.

जूनमध्ये समितीच्या परीक्षक बाई येऊन गट पाहून गेल्या. त्यांनी गट पास केला, पण जाताना आठव्या जोडीतल्या सद्गृहस्थांनी नाचताना ओठ हलवू नयेत, अशी सूचना केली. देवदत्तराव एक-दोन-तीन मोजत होते. शेवटच्या दोन रिहर्सलना त्यांनी मनात मोजायचा सराव केला. थकून घरी आल्यावर ते जिना चढतानाही मनात मोजत. गुडघा आता खरोखरच दुखत होता आणि ते कुणालाही सांगायची सोय राहिली नव्हती.

महोत्सव जुलैत, एका बंदिस्त स्टेडियममध्ये भरला. खाली बास्केटबॉलच्या मैदानाहून मोठी फरशी आणि तिच्यावर चिकटवलेले नंबर. प्रत्येक जोडीचा आपला नंबर. शेकडो माणसं आपापल्या नंबरांवर उभी राहिली, सरकली, फिरली, की वरच्या प्रेक्षकांना सूर्य दिसतो, वेणी दिसते, चांदणी दिसते. खालच्या माणसाला फक्त पुढच्याची मान दिसते.

त्यांच्या गटाची रांग मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात उभी होती. बिरुते नटल्या होत्या. हिरव्या चौकड्यांचा घागरा, गळ्यात अंबरच्या पिवळ्या मण्यांच्या माळा, गाल लाल झालेले. त्यांनी देवदत्तरावांचा हात घट्ट धरला होता. त्यांच्या बोटांत किती जोर आहे, याचं देवदत्तरावांना नवल वाटलं. ॲकॉर्डियन सुरू झालं, ऑड्रानं खूण केली आणि रांग हातात हात घालून पळत मैदानात निघाली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. देवदत्तरावांनी मंडळाच्या नाटकांतून वीस वर्षं इन्स्पेक्टर, पोस्टमन आणि नायिकेचे दूरचे काका अशा भूमिका केल्या होत्या. भूमिका एका वाक्याची असो की अर्ध्या, रंगमंचावर पाय ठेवण्याआधी ते वाकून जमिनीला हात लावत आणि तो कपाळाला टेकवत. हे ते ठरवून करत नसत. शिंक कुणी ठरवून देत नाही. बोगद्यातला काळोख संपला, दिवे डोळ्यांवर आले, समोर हजारो प्रेक्षक दिसले, पाय फरशीला लागला, आणि देवदत्त खांबेटे वाकले.

मागून केस्तास येत होते. केस्तास थांबायला तयार होते, पण त्यांचं वजन तयार नव्हतं. ते देवदत्तरावांवरून पलीकडे गेले. त्यांच्यामागची जोडी त्यांच्यावर थांबली. देवदत्तरावांची टोपी निघून त्यातलं वर्तमानपत्र मैदानभर उलगडलं. बिरुतेंचा हात त्यांच्या हातात होता. तो ओढला गेला, त्या अर्धी गिरकी फिरल्या आणि खाली बसल्या. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा त्या प्रांतातला नाच असेल.

सगळे उठले. बिरुते उठल्या नाहीत. त्या आपल्या घोट्याकडे बघत होत्या, ग्रंथालयात कुणी पुस्तकाचं पान फाडल्यावर बघावं तशा.

"मी... ते आमच्यात..." देवदत्तराव म्हणाले. पुढचं वाक्य इंग्रजीत नव्हतं आणि मराठीतही फारसं नव्हतं.

स्वयंसेवक व्हीलचेअर घेऊन धावत आले. बाकीचे गट आपापल्या नंबरांवर पोचले होते.

"मी तुमच्याबरोबर येतो."

"नाही," बिरुते म्हणाल्या. "आठ जागा आहेत. जा, उभे राहा."

"पण जोडी कुठाय?"

"देव. जा."

देवदत्तराव गेले. आपल्या नंबरावर उभे राहिले, डावा हात पुढे केला, उजवा बाकदार धरला, आणि त्या दोन हातांमधल्या हवेबरोबर नाचायला लागले. गुडघा कुरकुरत होता. डोक्यावर टोपी नव्हती. आपण शुभाताईंना, मंडळाला आणि बहुधा व्हिडिओ काढणाऱ्या त्या अज्ञात माणसाला कसे दिसत असू, हा विचार त्यांनी एकदा केला आणि मग मोजायची गरज असल्यामुळे सोडून दिला.

या नाचात दर आकृतीनंतर बाया पुढच्या पुरुषाकडे सरकतात. देवदत्तराव ते विसरले होते. पहिली आकृती संपली आणि शेजारच्या जोडीतल्या बाई त्यांच्याकडे आल्या. त्यांची हवा केस्तासकडे गेली. आता हा काय करणार, म्हणून देवदत्तरावांनी मान वळवून पाहिलं. केस्तासनी क्षणभरही न थांबता आपले भलेमोठे हात पुढे केले, रिकाम्या जागेला झुकून अभिवादन केलं आणि तिला फिरवलं. मग ती पुढच्याकडे गेली. त्यानंही तिला फिरवलं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ती जागा सगळ्या गटाकडून जाऊन, शेवटच्या आकृतीला, परत देवदत्तरावांकडे आली. त्यांनी ती घेतली.

नाच संपल्यावर त्यांच्या फोनवर शुभाताईंचा मेसेज होता: 'अहो, ते पडणं नाचात होतं का?' त्यांनी फोन बंद केला. प्रथमोपचाराची खोली वरच्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बाळगाड्यांनी भरली होती. ते जिन्यानं चढले. मध्ये दोनदा थांबले.

खोलीची एक भिंत काचेची होती आणि तिच्यातून खाली सगळं मैदान दिसत होतं. बिरुते पाय स्टुलावर ठेवून, घोट्यावर बर्फाची पिशवी घेऊन काचेपाशी बसल्या होत्या. त्यांनी मागे पाहिलं नाही. देवदत्तरावांनी जिना चढताना माफी पाठ करून ठेवली होती. ती त्यांनी सुरू केली. बिरुतेंनी हात वर केला आणि ती थांबली.

"मी शाळेत असल्यापासून यात नाचतेय," त्या म्हणाल्या. "एकही चुकवला नाही. एकदा ताप होता, एकदा पोटात मुलगा होता. त्यामुळे मी हे कधी पाहिलंच नव्हतं."

खाली तरुणांचे गट गोल फिरत होते. गोलातून किरण निघाले, पसरले, पुन्हा आत गेले.

"तो खरंच सूर्य दिसतो," बिरुते म्हणाल्या. "मला वाटायचं, पाय उचलावेत म्हणून आम्हाला तसं सांगतात."

देवदत्तराव खुर्ची ओढून बसले. मग त्यांना राहवेना. "आपला गट दिसला?"

"लगेच. जिथं दोनाऐवजी एकच माणूस, तिथं बघत राहिले. माझी जागा सगळ्यांकडे जाऊन आली. केस्तासनी मला चांगलं फिरवलं." त्यांनी डोळे पुसले, चष्मा घातला आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही मात्र फार जागा सोडलीत. मी एवढी जाड नाही, देव."

देवदत्तरावांनी खुर्चीत बसल्या बसल्या हात पुढे करून ती जागा धरली आणि दोन्ही हात थोडे जवळ आणले.

"एवढी?"

बिरुतेंनी मान तिरकी करून मापलं.

"अजून," त्या म्हणाल्या.